मैनेची रुंद चाकं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या राजेहो, मागून मले तुमच्याकडं पाहवणार नाही. सत्तरी गेली, डोक्यावरचे केस गेले, तोंडातले निम्मे दात गेले, तरी गुलाब म्हटलं की लोक जरा वचकून असत. ती उरलीसुरली इज्जत मी या उन्हाळ्यात घालवली. कुठं? भर लग्नात, डीजेच्या तालावर, तांडाभर माणसांच्या मोबाईलपुढं!

घ्या, चहा घ्या. कडू लागला तर साखरेले दोष देऊ नका, गोष्टच तशी आहे.

माझं दारव्ह्यात टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार टिनं, हवेची टाकी, पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं, अन् त्या घमेल्यात स्वतःचं थोबाड पाहत बसलेला मी. शिक्षण सातवी, तेही दोन वेळा. गुरुजी म्हणत, गुलाब पास झाला तर वर्गाले करमणार नाही.

धंदा पंक्चरचा, पण छंद वेगळा. दुकानापुढून कोणी ऐटीत गाडी घेऊन निघाला की मी जिवाच्या आकांतानं ओरडतो, "ओ भाऊ! चाक निघालं! चाक निघालं!" भाऊ करकचून ब्रेक मारणार. उतरणार. चारही चाकं वाकून वाकून पाहणार. तोवर मी तोंडात टॉवेल कोंबून शेडामागं. हेडमास्तर उतरले, मोठेमोठे पुढारी उतरले, जीपवाले तर इतक्यांदा उतरले की त्यांच्या सवाऱ्या मले नावानिशी शिव्या घालतात. एकदा एक माणूस चक्क पायी चालला होता. तोही थांबला, अन् खाली वाकून पाहू लागला! आता सांगा, यात माझा काय दोष?

माझी बायको शांता म्हणायची, "अवो, एक दिवस कोणाचं खरंच निघन, अन् तुम्ही बोंबलत राहाल. कुत्रंबी वळून पाहणार नाही."

बायकोचं तोंड पंचांगापेक्षा खरं असते. पण पंचांग पाहते कोण?

तर हा झाला मी. आता लालसिंग.

लालसिंग माझा पन्नास वर्षांचा दोस्त. दारव्ह्यापासून हाकेवर त्याचा तांडा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. हा नागपूरले एका डॉक्टरसाहेबाकडं तीस वर्षं ड्रायव्हर होता. डॉक्टरसाहेबाची पोरं विलायतेत. म्हाताऱ्यानं जायच्या आधी आपली शौकाची गाडी लालसिंगच्या नावावर करून देली. म्हणाला, "पोरं विकतील. तू पुसशील."

गाडी कशी? लाल. दोन दारांची. वरून उघडी, म्हणजे पावसात निघालं तर अंघोळ वेगळी करायची गरज नाही. बोनट एवढं लांब की इंजिन बाजारात पोचते तेव्हा ड्रायव्हर अजून वेशीवर. बसकी इतकी की शेजारून जाणारं कुत्रं आत डोकावून पाहते. मागं सीट म्हणून नावाले एक फळी. शर्यतीत पळवायच्या जातीची जुनी विलायती गाडी ती. कंपनीचं नाव मले आजवर नीट घेता आलं नाही. तांड्यात तिले मैना म्हणत.

लालसिंग तिले रोज पुसायचा. कोणाले बोट लावू देत नव्हता. फक्त एका जीवाले मुभा होती, त्याची नात कविता. ही पोर सहा वर्षांची असताना मैनेत बसून पों-पों हॉर्न वाजवायची. तेव्हा आजोबानं तिले शब्द देला, "बेटा, तुले सासरी मैनेतच पोचवीन. मी स्वतः चालवीन."

लहान पोरांना देलेला शब्द मोठी माणसं विसरतात. पोरं विसरत नाहीत. कविता शिकली, नर्स झाली, यवतमाळले नोकरी लागली, ढाणकीच्या किराणा दुकानवाल्याशी लग्न ठरलं. अन् ठरल्या दिवशी आजोबाले, ती त्याले दादाच म्हणते, पहिलं काय विचारलं? दागिने नाही, साडी नाही. "दादा, मैना तयार आहे नं?"

मैना तयार नव्हती. उभ्या उभ्या तिच्या टायरांना भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात काळ्या वावराले पडतात तशा. बोट घातलं तर आत जाईल एवढ्या.

लालसिंग माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता.

"गुल्या, असेच टायर पाहिजेत. बारीक. लगन पंधरा दिवसांवर आलं."

मी एसटीनं यवतमाळ गाठलं. पहिला दुकानदार माप पाहून म्हणे, "काका, मोटारीचं सांगता का सायकलचं?" दुसरा म्हणे, "मुंबईहून येईल, महिना धरून चाला." तिसऱ्यानं जुन्या टायरचा फोटो काढला अन् आपल्या सगळ्या दोस्तांना पाठवून देला. टायर मात्र त्याच्याकडंही नव्हता.

मग मी भंगारात गेलो. अन् तिथं, राजेहो, माझं नशीब फुटकं म्हणून मले पाच रिमा सापडल्या! एका मोडीत निघालेल्या मोटारीच्या, स्टेपनीसकट. चांगल्या रुंद. भोकं मोजली, जुळली! त्या रिमांवर बसणारे जाडजूड नवे टायर समोरच्या दुकानात टांगलेले. मले वाटलं, देवानंच दुकान मांडून ठेवलं. दुकान देवाचं नव्हतं, हे नंतर कळलं.

"लालसिंग, रुंद टाकू!" मी परत येऊन सांगितलं.

"रुंद?"

"मैनेचे पाय पाह्य जरा. काड्या! एवढी ठसकेबाज बाई अन् पाय बगळ्याचे? जाड टायर टाकले की रस्त्याले चिकटून चालन. जावयाले वाटन, विमानात बसलो."

"घासन नाही नं रे मडगार्डाले?"

"अरे, मी कोण हाये?"

"तू हाये म्हणून तर विचारून राह्यलो."

पण करतो काय बिचारा? दुसरा रस्ताच नव्हता. जाताना दारातून वळून म्हणाला, "पाचही एकसारखे कर. स्टेपनीचंही चाक बदल. अन् गुल्या, यात मस्करी नको."

मी छातीवर हात ठेवला. "पाचही."

आता इथं माझ्या बापाले मधात आणावं लागते. बाप माझा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचा. धाव म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. तापवायचा, ठोकायचा, वरून पाणी मारायचं, चर्रकन चाक आवळून बसायचं. दूरदूरचे लोक यायचे त्याच्याकडं. तो मले सांगायचा, "गुलाब, चाक नेहमी अधरात मापावं. जमिनीले टेकलं की चाक खोटं बोलते. अधरात चाक अन् गाडीच्या मधात चार बोटं जागा दिसली, की डोळे मिटून बैल जुंप."

सातवीत शिकलेलं सगळं विसरलो. हे एक लक्षात राहिलं. काहून राहिलं, देव जाणे!

तर मी मैनेले जॅकवर चढवलं. जुनी चाकं काढली, रुंद चढवली, नट कसले. अन् गाडी अधरातच ठेवून मडगार्ड अन् टायरच्या मधात बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं, वर अंगठ्याले जागा! बापाची आठवण येऊन डोळे भरले.

शांता चहा घेऊन आली. म्हणे, "अवो, खाली उतरवून पाहा नं एकदा."

"तुले काय कळते चाकातलं?"

"चाकातलं नाही कळत. तुमच्यातलं कळते."

समजलं का तुम्हाले, काय चुकलं? बैलगाडीले स्प्रिंग नसते! तिचं चाक अधरात जिथं, तिथंच जमिनीवर. मोटारीचं तसं नाही. जॅकवर चढली की चाक खाली लोंबते, बोरीले बोर लोंबावं तसं. खाली उतरवली की गाडी बसते, अन् माणसं बसली की अजून बसते. चार बोटांची दोन होतात, दोनाची काहीच राहत नाही. एवढी गोष्ट कळायले मले सत्तर वर्षं लागली, अन् कळली तीही सगळ्या तांड्यासमोर.

तपासून नाही पाहिलं, असंही नाही. चांगली फेरी मारली मी. पण बाजाराचा दिवस होता. उजवीकडं वळायचं तर गाड्या, बैल, टोपल्या, बाया. म्हणून दुकानातून निघालो तो डावीकडं, मग डावीकडं, परत डावीकडं, की आलं दुकान. लोण्यासारखी चालली! अन् आत वजन कोणाचं? माझं. ओल्या लुंगीसकट पंचेचाळीस किलो. मैनेले वाटलं असेल, कोणी टॉवेल वाळत घातला.

आता मैनेच्या डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डाले एकदा म्हशीनं धडक देली होती. ठोकून सरळ केला होता, पण मागची कड किंचित आत राहिली होती. उजवीकडं वळलं की डावं चाक नेमकं त्याच कडेकडं सरकते. हे मले माहीत होतं का? होतं. म्हैस माझ्याच मेव्हण्याची होती.

राहिली स्टेपनी. ते नवं रुंद चाक डिक्कीत मावेना. ढकललं, लाथ मारली, शिव्या देल्या. शेवटी कंटाळलो. जुनं बारीक चाकच आत ठेवलं, वर पोतं टाकलं, अन् डिक्की बंद केली. ते चाक कधी रस्त्यावर लागलंच नव्हतं. लालसिंग दर दिवाळीले त्याले पावडर लावून कापडात गुंडाळून ठेवायचा. म्हटलं, राहू दे. कोण डिक्की उघडून पाहते?

लग्नाच्या दिवशी सकाळी मीच मैना घेऊन तांड्यात गेलो. लालसिंगले आधी दाखवलीच नव्हती, चकित करायचं होतं. काय दिसत होती म्हणता! लाल अंग, काळी जाड चाकं, जशी काही पोळ्याची सजवलेली बैलजोडी. तांड्यात उजवीकडं वळताना खालून बारीक 'चर्र' झालं. मी म्हटलं, पऱ्हाटीची काडी अडकली असेल.

माणसाले आपली चूक दिसू लागली की त्याले आधी काडी दिसते. लिहून ठेवा.

लालसिंगनं मैनेभोवती एक चक्कर मारली. खाली बसून टायरवर हात फिरवला. मग मले मिठी मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा! म्हणाला, "गुल्या, तू एक तरी काम मस्करीवाचून केलं."

मी जेवायले बसलो. चार बुंदीचे लाडू खाल्ले. कोणाच्या मयतीच्या आधी माणूस इतकं जेवत नाही.

लग्न लागलं. आता तांड्याची एक रीत आहे. मधोमध देवीचं देऊळ, पुढं लिंबाचं झाड. नवरी निघाली की गाडीनं देवळाले उजवी घालून तीन फेऱ्या घ्यायच्या, मग तांडा सोडायचा. आधी बैलगाडीनं घ्यायचे, आता जीपनं घेतात. उजवी घालायची म्हणजे देऊळ उजव्या हाताले. म्हणजे गाडी सारखी उजवीकडंच वळत राहणार. उलटी फेरी चालत नाही, ती अशुभ.

मी हात धुऊन देवळाच्या पायरीवर येऊन बसलो. बाया कवितेच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होत्या. ढावलो म्हणजे नवरी निघतानाचं गाणं, अर्धं सुरात अन् अर्धं रडण्यात. दगडाले पाझर फुटावा असं. पलीकडं नवरदेवाकडच्यांचा डीजे. दोन्ही एकदम चाललेले.

लालसिंग पांढरा फेटा बांधून मैनेत बसला. मैना थोडी खाली गेली.

कविता बसली. अजून थोडी खाली.

कवितेची मावशी पितळी हंडा घेऊन मागच्या फळीवर बसली. अजून.

मग नवरदेव आले. विजयराव. गुणाचा माणूस, पण घरचंच किराणा दुकान, अन् गुळाची भेली हाताशी. शंभर किलो सहज. ते मावशीशेजारी टेकले, अन् मैनेनं असा काही सुस्कारा टाकला की मले पायरीवर ऐकू आला.

मी पाहिलं. मडगार्ड टायरवर बसला होता. चार बोटं सोडा, आगपेटीची काडी जात नव्हती.



"लालसिंग, थांब!" मी उठून धावलो. "थांब! चाक घासते! चाक!"

सगळा मांडव हसला. असा हसला की डीजे ऐकू येईना!

"आले आले, गुलाबकाका आले!"

"काका, निघालं का चाक?"

एक जीपवाला तर पोट धरून खालीच बसला. "मले सहा वेळा उतरवलं यानं," तो नवरदेवाच्या मामाले सांगत होता. "सहा वेळा! एकदा पावसात!"

"अरे खरं सांगून राह्यलो रे! आईची शप्पथ!"

"मागच्या वेळीही आईचीच घेतली होती, काका!"

लालसिंगनं मान वळवून पाहिलं. हसत नव्हता. हात जोडून म्हणाला, "गुल्या, आज नको रे. माह्या पोरीचा दिस हाये."

रडणाऱ्या कवितेलेही हसू आलं. म्हणे, "गुलाबआजोबा, आता ढाणकीलाच येऊन चाक काढा!"

काय करावं माणसानं? जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, अन् जन्मात पहिल्यांदा रडणारी पोर माझ्यामुळं हसली. दोन्ही एकाच वेळी!

गाडी निघाली. पहिल्याच वळणाले चाक बोंबललं. "चीं... चीं... चींईई!" अन् तुम्हाले खोटं वाटेल, पण तो सूर बायांच्या ढावल्यात असा मिसळला की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याले लावून म्हणू लागल्या, "पाहा वं बाई, गाडीबी रडते!"

मी बाजूनं धावतोय. "ब्रेक मार! लालसिंग, ब्रेक!" लोकांना वाटलं, म्हातारा नाचतो. दोघं-चौघं माझ्याभोवती येऊन नाचू लागले. एकानं माझे हात धरून गरगर फिरवलं. मी ओरडतोय, ते शिट्ट्या मारतात!

मग चाकातून धूर निघाला. कोणीतरी म्हणालं, "वा! धूर सोडायची मशीन बी लावली!" अन् सगळे मोबाईल वर.

अन् मग, लिंबाच्या झाडाजवळ, ऐन देवीसमोर: फाट!

टायर फुटला. जमावानं टाळ्या वाजवल्या. फटाका समजले! डीजेवाल्यानं आवाज अजून वाढवला.

मैना मात्र डाव्या गुडघ्यावर बसली. मडगार्डाची कड मुडपून वर आली. अन् लालसिंग खाली उतरला.

आवाज कसा विझत जातो, माहीत आहे? पुढचे गप होतात, मग मधले, मग मागचे. शेवटी डीजे एकटाच बोंबलत राहिला. मग कोणीतरी त्याचीही वायर उपटली.

लालसिंगनं फुटलेल्या टायरकडं पाहिलं, मडगार्डाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. खाली पाहतच म्हणाला, "जगात एकच चीज होती, जी मी कोणाले हात लावू देली नाही. तुले देली."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, राजेहो. मार खायची सवय आहे मले. हे खायची नव्हती.

नवरदेवाचा मामा पुढं आला. "आता काय? ढाणकी दूर हाये, दिवस कलला. बसवा नवरीले जीपात, घ्या दोन फेऱ्या, अन् चला."

"मी नाही बसत जीपात," कविता म्हणाली.

"अशी कशी नाही बसत?"

"दादानं शब्द देला. मी मैनेतच जाईन. नाही तर इथंच बसते."

अन् ती खरंच बसून राहिली. शालू सावरला, मांडीवर हात ठेवले, समोरच्या काचेतून लिंबाकडं पाहत बसली. नर्स आहे, बेशुद्ध पडलेल्यांनाही गप बसवते. मामाचं काय चालणार? पण लालसिंग? तो मुडपलेल्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत होता. वीस वर्षांचा शब्द, अन् तो या गुलाबच्या चार बोटांत चेंगरला.

"स्टेपनी!" मावशी मागून ओरडली. "स्टेपनी लावा नं!"

"स्टेपनीही तेवढीच जाडी," लालसिंग म्हणाला. "तिचंही चाक बदलाले मीच सांगितलं होतं. लावली तरी घासनच."

आता बोलावं की नाही? बोललो तर खोटारडा, नाही बोललो तर पोर तिथंच बसलेली.

"लालसिंग," मी म्हटलं, "स्टेपनीचं नाही बदललं."

"काय?"

"मावत नव्हतं. आळस आला. तुले खोटं सांगितलं."

त्यानं डिक्की उघडली. पोतं बाजूले केलं. आत त्याचं ते पावडर लावलेलं, कापडात गुंडाळलेलं बारीक चाक. माझी सत्तर वर्षांची अक्कल मातीत गेली होती, अन् माझा आळस देवासारखा डिक्कीत बसला होता!

मी पाना घ्यायले वाकलो. लालसिंगनं माझ्या हातातून तो काढून घेतला. "तू नाही," एवढंच म्हणाला. फेट्यासकट जमिनीवर बसून त्यानं चाक चढवलं. मुडपलेली कड जीपवाल्यानं लोखंडी पहारीनं सरळ केली. मग लालसिंगनं गाडी जॅकवरून खाली उतरवली, सगळ्यांना आत बसवलं, अन् जमिनीवर पालथं पडून पुढून-मागून जागा पाहिली.

असं पाहतात होय! माझ्या बापाले कोणी सांगितलं नाही, अन् मले बापानं.

पुढचं चाक आता घासत नव्हतं. पण मागची रुंद चाकं विजयरावांच्या वजनानं मडगार्डाले टेकत होती.

"मी उतरतो," विजयराव म्हणाले.

पण नवरा-नवरीच्या शेल्याची गाठ बांधलेली, ती फेऱ्या होईस्तोवर सुटत नाही. मग काय? मैना पुढं, आत नवरी, अन् गाठीनं बांधलेला शंभर किलोचा नवरदेव बाजूनं धावतोय, नव्या गोऱ्ह्यासारखा! दोन फेऱ्या. घामानं मुंडावळ्या नाकाले चिकटल्या. धापा टाकत टाकत म्हणतो, "कविता, हळू सांग नं दादाले!" ती हसत होती. पोरीनं जोडीदार चांगला निवडला. त्या दिवशी माझ्या मनाले तेवढंच एक बरं वाटलं.

शेवटी शेला काढून नवरीच्या मांडीवर ठेवला, विजयराव जीपात बसले, अन् मैना निघाली. तीन चाकं पहिलवान, एक चाक बगळा. एका अंगानं कलंडलेली, लंगडत लंगडत ढाणकीकडं. पण नवरी मैनेतूनच गेली, अन् चालवायले लालसिंगच होता. शब्द राहिला.

अन् मी? मले कोणी सोबत या म्हटलं नाही. देवळाच्या पायरीवर फुटका टायर घेऊन बसलो. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "गुलाब, खरं बोलाले इतका उशीर कायले केला रे?"

घरी आलो. शांताले सांगायची गरजच पडली नाही. तिच्या मोबाईलवर व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता.

नऊ दिवस लालसिंग दुकानाकडं फिरकला नाही. मी फोन करावा, त्यानं उचलू नये. बाजारात मले पाहून लोक ओरडत, "काका, चाक निघालं!" पूर्वी मी ओरडायचो, आता सारं गाव ओरडते. रस्त्यानं जाताना खाली मान घालून जायचो. घास गोड लागेना. मस्करी सुचेना. समोरून एक साहेब नवीकोरी गाडी घेऊन गेला, मी नुसता पाहत राहिलो. शांतानं माझ्या कपाळाले हात लावून पाहिलं, ताप आहे का.

दहाव्या दिवशी ठरवलं, तांड्यात जायचं, लालसिंगचे पाय धरायचे. सकाळी माझ्या मोपेडचं पुढचं चाक पंक्चर निघालं. काढलं, पंक्चर लावलं, चाक परत चढवलं, आसाचे नट हातानं फिरवून ठेवले अन् पाना शोधायले उठलो. तेवढ्यात समोरच्या चहावाल्यानं हाक मारली. चहा प्यालो. मन थाऱ्यावर नव्हतं. आलो, मोपेडवर बसलो अन् निघालो.

स्टँडाजवळ पोचतो तर काय! जीपातून लालसिंग उतरला. हातात लाडवांचा डबा. माझ्याकडंच येत होता!

त्यानं मले पाहिलं. मग खाली माझ्या चाकाकडं पाहिलं. अन् जिवाच्या आकांतानं ओरडला, "गुल्या! चाक निघालं! थांब, चाक निघालं!"

काय सांगू तुम्हाले, माझ्या मनाचं कसं पाणी पाणी झालं! लालसिंग बोलला! बोलला तर बोलला, वर माझीच मस्करी माझ्यावर केली! म्हणजे माफ केलं! माझे डोळे भरून आले. मी हँडल सोडलं, दोन्ही हात जोडले, अन् भर रस्त्यात म्हटलं, "वा रे माह्या दोस्ता!"

पुढचं चाक एकटंच स्टँडाकडं गेलं. मोपेड इकडं. अन् मी नालीत. डोकं खाली, पाय वर.

सगळं स्टँड गोळा झालं. जीपवाले, सवाऱ्या, चहावाला. कोणी हात देईना, सगळे हसण्यात गुंतलेले. तेवढ्यात गर्दीतून लालसिंग आला. डबा खाली ठेवला, उकिडवा बसला. माझं टक्कल अन् नालीची भिंत यांच्या मधात त्यानं हात घातला अन् मोजलं. एक, दोन, तीन, चार.

मग गर्दीकडं वळून, तोंडावरची माशी हलू न देता सांगितलं, "चार बोटं जागा हाये. घासत नाही. बरोबर बसला."

माप बरोबरच होतं, राजेहो. मी अधरात होतो नं!